अलॉटमेंटवर स्वस्तातली जाळी – आधी ठरवा अडवायचंय कोणाला

वालपापडी

इथे यूकेत अलॉटमेंट (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा) असलेले बरेच जण आहेत आणि दरवर्षी कोबी-फ्लॉवरची रोपं लावायची वेळ आली की जाळीबद्दल तेच तेच प्रश्न येतात, म्हणून वेगळा धागाच काढतेय. मी लेस्टरला असते, माझा अर्धा प्लॉट आहे, म्हणजे ५ रॉडचा, साधारण १२५ चौरस मीटर. (पूर्ण प्लॉट १० रॉडचा, २५० चौ. मी. च्या आसपास. नवीन लोकांना हे रॉड प्रकरण कळत नाही म्हणून लिहिलं.)

गार्डन सेंटरमध्ये जाळ्यांच्या किमती बघून वाटतं की यापेक्षा कोबी विकत आणलेला परवडेल. पण महागाची जाळी लागते ती मोजक्याच पिकांना, बाकीच्यांचं अगदी स्वस्तात भागतं. फक्त आधी ठरवायचं की अडवायचंय कोणाला, कबुतराला, फुलपाखराला की माशीला. त्यावर भोक केवढं चालेल ते ठरतं आणि भोकावर किंमत ठरते. लोक उलटं करतात, आधी स्वस्त मिळाली म्हणून जाळी आणतात आणि मग ती सगळ्यावर पांघरतात.

कबुतरं म्हणजे इथली वुड पिजन. आपल्या पारव्याहून बरीच मोठी, मानेवर पांढरा पट्टा. हिवाळ्यात बाहेर काही हिरवं उरत नाही तेव्हा ती केल, कोबी, परपल स्प्राउटिंग ब्रोकोलीवर तुटून पडतात, दोन दिवसांत पानाची नुसती मधली शीर राहते. त्यांना अडवायला मोठ्या भोकाची जाळीसुद्धा पुरते, पण एक लक्षात ठेवा, जाळी पानांना टेकलेली असेल तर कबुतर वर बसतं, त्याच्या वजनाने जाळी खाली दबते आणि ते भोकातून चोच घालून आरामात खातं.

फुलपाखराला भोक ७ मिमीपेक्षा मोठं नको. पांढरी फुलपाखरं दोन जातींची. मोठं पांढरं पानाच्या खालच्या बाजूला पिवळ्याधमक अंड्यांचा पुंजका घालतं, भिंग घेऊन बघा, एकेक अंडं उभं, बाटलीसारखं, अंगावर उभ्या रेघा. त्याच्या अळ्या पिवळ्या-काळ्या आणि झुंडीने खातात, त्यामुळे लगेच दिसतात. खरा ताप छोट्या पांढऱ्याचा. ते सुटं सुटं अंडं घालतं, अळी पानाच्याच रंगाची हिरवी, आणि ती गड्ड्याच्या आत शिरते, कोबी चिरेपर्यंत पत्ता लागत नाही.

आता स्वस्ताचं. माझ्या कोबीवर्गातल्या सगळ्या वाफ्यांवर डेब्रिस नेटिंग आहे, म्हणजे घराच्या कामाला परांची बांधतात तिला बाहेरून लावतात ती हिरवी जाळी. भोक बारीक, फुलपाखरू काही केल्या आत जात नाही, कबुतराचा तर प्रश्नच नाही. नवा ५० मीटरचा रोल ऑनलाइन तीस-चाळीस पौंडांत येतो, दोघातिघांनी मिळून घेतला तर काहीच नाही. आणि फुकट हवी असेल तर परांची उतरवणाऱ्यांना विचारा, बरेचदा ते ती टाकूनच देणार असतात. सिमेंट लागलेलं असतं, झटकून धुतली की झालं.

कमानींना निळा पाण्याचा पाइप, २५ मिमीचा, बिल्डर्स मर्चंटकडे २५ मीटरची गुंडाळी मिळते. वाफा १.२ मीटर रुंद असेल तर २.५ मीटरचा तुकडा कापा, मधली उंची जवळजवळ मीटरभर येते, एका गुंडाळीत दहा कमानी. बांबूचे दोन-दोन फुटी तुकडे अर्धे जमिनीत ठोकायचे आणि पाइपची टोकं त्यांच्यावर चढवायची. दर मीटरला एक कमान, आणि सगळ्यांच्या माथ्यावरून एक आडवा बांबू बांधायचा, तो नसेल तर वाऱ्याने कमानी एकावर एक आडव्या होतात. जाळी घेताना कमानीची लांबी अधिक दोन्हीकडे वीत-वीत असा हिशोब धरा, म्हणजे ३ मीटर रुंदीची लागते. २ मीटरवाली स्वस्त दिसते पण तिच्याखाली बुटक्या कमानीच बसतात, तिथे लेट्यूस, मुळा ठीक, ब्रसल्स स्प्राउट नाही.

कडा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फुलपाखरू कडेला फट शोधत चालत आत जातं, मी स्वतः बघितलंय. दुधाच्या ४ पाइंटच्या रिकाम्या बाटल्या पाण्याने भरून कडेवर ओळीने ठेवा, किंवा कड लाकडाच्या पट्टीला गुंडाळा. विटांपेक्षा हे बरं कारण विटेखाली गोगलगाई राहायला येतात.

बाकीच्यांनी भर घाला. फोटो संध्याकाळी टाकते.

सायली_रेडिंग

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात! आम्हाला तीन वर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर आत्ता कुठे प्लॉट मिळालाय आणि खर्च नुसता वाढतोच आहे, शेड, पाण्याचा पिंप, अवजारं... माझे दोन प्रश्न. चॅरिटी शॉपमध्ये जुने नेट कर्टन पाउंड-दोन पाउंडाला मिळतात ते चालतील का? आणि माझ्याकडे आईने दिलेल्या जुन्या जॉर्जेटच्या साड्या आहेत, गावाला आमच्याकडे शेताभोवती साड्या बांधतात ते बघितलंय, तर त्या वाफ्यावर घालू का?

आबा_लीड्स

सायली, नेट कर्टन चालतात, आमच्या साइटवर एक इंग्लिश आजोबा आहेत ते वर्षानुवर्षं तेच वापरतात. फक्त पॉलिएस्टरचे घे, सुती असतील तर पावसात कुजतात. दोन-तीन पडदे एकमेकांना शिवून घे, नुसते एकावर एक ठेवलेस तर त्या जोडातूनच सगळं आत जातं. लहान वाफ्याला, गाजराच्या दोन ओळींना, रोपवाटिकेला उत्तम. मोठ्या वाफ्याला नको, दाट नक्षी असलेला पडदा वारा अडवतो आणि शिडासारखा उडतो.

साडी मात्र नको. गावाकडे साडी बांधतात ती शेताच्या भोवती, रानडुकराला पलीकडचं दिसू नये, ती फडफडली की त्याने बिचकावं म्हणून. ते काम वेगळं. इथे वाफ्यावरून घातलीस तर ऊन आणि पाऊस दोन्ही अडेल. आईच्या साड्या आहेत, त्यांची गोधडी कर.

निफाडकर

मी निफाड तालुक्यातला, द्राक्ष आणि कांदा. बहीण स्विंडनला असते, तिनेही असाच तुकडा घेतलाय म्हणून हा धागा वाचतोय. साड्यांचं आबा म्हणतात ते बरोबर. आमच्याकडे जाळीचे प्रकार वेगळे. द्राक्षाला पक्ष्यांसाठी जाळी, गारपिटीपासून वाचायला वरून वेगळी जाळी, आणि टरबूज-मिरचीला क्रॉप कव्हर, ते पांढरं कापडासारखं. मिरचीवर पांढरी माशी आणि फुलकिडे व्हायरस आणतात, रोप लहान असताना एकदा व्हायरस घुसला की प्लॉट गेला, म्हणून सुरुवातीचे दिवस झाकून ठेवायचं आणि टरबुजाला फुलं लागली की मधमाश्यांसाठी काढायचं.

बहिणीने विचारलं की इथून शेडनेट घेऊन जाऊ का, स्वस्त आहे. मला वाटतं इथली ५० टक्के सावलीची जाळी तिकडे नेऊन उपयोग नाही, पण तुम्ही लोक सांगा.

वालपापडी

निफाडकर दादा, अजिबात आणू देऊ नका. तुमच्याकडे एप्रिल-मे मध्ये ऊन जास्त होतं म्हणून शेडनेट, इथे वसंतात आम्ही उन्हाच्या एकेका तासासाठी वाट बघतो. अर्धं ऊन अडवलं तर रोपं उंच, फिकट आणि लुळी होतात. डेब्रिस नेटिंगसुद्धा थोडी सावली करतेच पण कोबीवर्गाला तेवढी चालते, उलट उन्हाळ्यात पालक आणि कोथिंबीर तिच्याखाली जरा उशिरा फुलोऱ्यावर जातात असा माझा अनुभव.

आणि एक प्रश्न नेहमी येतो तो तुमच्यामुळे आठवला. भारतात जाळी ४० मेश, ५० मेश अशी मागतात, म्हणजे इंचात किती धागे. आकडा मोठा तितकं भोक बारीक. इथे मात्र भोक थेट मिलिमीटरमध्ये सांगतात, १.३, ०.८ असं, आणि आकडा लहान तितकं बारीक. तुमची ४० मेशची भोकं साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे इथल्या सगळ्यात बारीक जाळीच्या जवळपास.

केदार_एमके

चांगला धागा, पण डेब्रिस नेटिंगवर जरा जास्त भर झालाय असं मला वाटतं. ती जाळी कीटकांसाठी बनवलेलीच नाही, विटांचे तुकडे खाली पडू नयेत म्हणून बनवलेली आहे, त्यामुळे भोकाचं माप उत्पादकागणिक बदलतं, आणि ताणली की धागे सरकून भोकं मोठी होतात. फुलपाखराला ठीक. गाजरमाशीला (जिच्या अळ्या गाजर पोखरतात) मी तिच्यावर विसंबणार नाही.

गाजरमाशीसाठी इन्सेक्ट मेश १.३ मिमी, ही प्रमाणित. महाग आहे पण नीट ठेवली तर आठ-दहा वर्षं टिकते, वर्षाचा खर्च काढून बघा. आणि फ्ली बीटल, म्हणजे ते टाचणीच्या टोकाएवढे काळे भुंगेरे जे हात लावला की टुणकन उडतात आणि मोहरी, मुळा, रॉकेट, पाकचोईच्या पानांना चाळणी करून ठेवतात, त्यांना १.३ पण पुरत नाही, ०.८ किंवा त्याहून बारीक लागते. आपल्या लोकांना मोहरीची आणि मुळ्याची भाजी हवी असते म्हणून हे मुद्दाम लिहितोय. कोरड्या हवेत ते सगळ्यात जास्त असतात, तेव्हा जाळीबरोबर वाफा ओला ठेवणं पण तितकंच महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट जी कोणीच सांगत नाही. गाजरमाशीचे कोष हिवाळाभर मातीत राहतात. गेल्या वर्षी ज्या वाफ्यात गाजरं पोखरली गेली त्याच वाफ्यात परत गाजरं पेरून वरून कितीही महाग जाळी घातलीत तरी माशी जाळीच्या आतच जन्माला येणार, आणि तिला आयतं बंदिस्त शेत मिळणार. फ्ली बीटलचं पण तेच. जाळी घालायची ती जागा बदलूनच.

आबा_लीड्स

केदारचं जागा बदलण्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य.

गाजरासाठी मात्र मी इतकी वर्षं वरून झाकतच नाही. माशी जमिनीलगत उडते, त्यामुळे वाफ्याभोवती ६० सेंटिमीटर उंच भिंत, पडद्याची किंवा जाळीची, वरून उघडी. वाफा अरुंद ठेवायचा, मीटरभर. आणि पेरणी मेच्या मध्यानंतर, म्हणजे माशीच्या पहिल्या पिढीची वेळ बऱ्यापैकी टळते. विरळ पेरायचं म्हणजे नंतर उपटून विरळणी करावी लागत नाही, कारण पानं चुरगळली की त्या वासाने माशी लांबून येते. फ्लायअवे जातीचं बी घेतलं तर अजून बरं, पूर्ण नाही पण बऱ्याच अंशी तग धरतं.

केदार_एमके

आबा, तुमची साइट बहुतेक चारी बाजूंनी झाडीने बंद असेल. आमची टेकाडावर, उघडी. वाऱ्याने माशी ६० सेंमीवरून सहज आत येते, आमच्या साइटवर भिंतवाल्यांची गाजरं दरवर्षी थोडीफार पोखरलेली निघतात, झाकणवाल्यांची स्वच्छ. सप्टेंबरमध्ये काढलेलं गाजर धुतल्यावर त्यावर तपकिरी, गंजलेल्या वळवळत्या रेघा दिसल्या की समजायचं.

आबा_लीड्स

खरंय, आमच्याकडे हॉथॉर्नचं उंच कुंपण आहे. उघड्या जागेला केदार सांगतो तसं कर सायली.

रानमेवा

सगळं वाचलं. एका गोष्टीबद्दल कळकळीने लिहितेय, कृपया वाचा. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते ती पातळ नायलॉन धाग्याची पक्ष्यांची जाळी, पाकिटात घडी केलेली, दोन-तीन पौंडांची. ती घेऊ नका. धागा इतका बारीक की पक्ष्याला दिसत नाही, पाय अडकला की सुटायच्या धडपडीत अजून गुंडाळला जातो. ब्लॅकबर्ड, रॉबिन अडकतात. आणि वाफ्याच्या कडेला ती जाळी सैल पडलेली असली की रात्री हेजहॉग अडकतात, काट्यांमुळे त्यांना मागे सरकता येत नाही. साप पण, इथला तो बिनविषारी ग्रास स्नेक, खवल्यांमुळे अडकतो. आमच्या साइटवर एका हेजहॉगला कात्रीने एकेक धागा कापून सोडवावं लागलं, पायाला खोल काचलं होतं, रेस्क्यूवाल्यांकडे न्यावं लागलं.

म्हणून दोनच पद्धती. एकतर बारीक भोकाची जाळी, ताणून, कडा जमिनीला घट्ट. किंवा फळझाडांसारख्या ठिकाणी मोठ्या भोकाची असेल तर खालून वीतभर वर उचललेली, म्हणजे हेजहॉग खालून सरळ जाईल. सैल लोंबणारी जाळी कुठेच नको. उरलेले तुकडे गवतात टाकून जाऊ नका, आणि पीक नसताना जाळी पसरून ठेवू नका. जाळी असलेल्या दिवसांत रोज कोणीतरी एक चक्कर मारलीच पाहिजे, स्वतःला जमत नसेल तर शेजारच्या प्लॉटवाल्याला सांगून ठेवा.

वालपापडी

रानमेवा +१००. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. डेब्रिस नेटिंगचा हाही एक फायदा, ती ठळक हिरवी आणि जाड विणीची, पक्षी तिच्यात अडकलेला मी तरी पाहिला नाही.

मुळाभाजी

धागा वर काढतेय, कांद्या-लसणाबद्दल कोणी लिहिलंच नाही! आमच्या लीकची (ती जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी) पानं पिळवटलेली आणि पानाच्या टोकाकडे पांढऱ्या ठिपक्यांची सरळ ओळ दिसतेय, मोजून आखल्यासारखी. हे काय आहे? बर्मिंगहॅमजवळ राहतो आम्ही.

वालपापडी

मुळाभाजी, ती अलियम लीफ मायनर. बारकी करडी माशी, मादी अंडी घालायच्या आधी पानाला टोचून रस पिते, त्याची ती ठिपक्यांची ओळ. यूकेत ती २००२ मध्ये पहिल्यांदा सापडली, तीही तुमच्याच भागात, वेस्ट मिडलंड्समध्ये, आता खूप पसरलीय. आत अळ्या बोगदे करतात, लीक उभा चिरलात तर पानांच्या थरांत ३-४ मिलिमीटरचे तपकिरी कोष दिसतील, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. मग ते लीक आतून सडतं.

माशी वर्षात दोनदा उडते, मार्च-एप्रिलमध्ये आणि परत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेवढ्या काळात झाकलं की काम होतं. अडचण अशी की मधल्या काळात, मेपासून शरदापर्यंत, लीक मॉथ येतो, पतंग. दक्षिणेत जास्त पण वर सरकतोय. म्हणून लीकच्या बाबतीत मी लावणीपासून काढणीपर्यंत झाकूनच ठेवते. लसूण आणि शरदात लावलेल्या कांद्याला मात्र शरदात एकदा आणि वसंतात एकदा एवढं पुरतं. जाळी इथे केदार म्हणतो तशी खरी इन्सेक्ट मेशच घ्या, ०.८ घेतलीत तर निर्धास्त. लीक सरळसोट वाढतं, जागा कमी लागते, म्हणून एकच तुकडा विकत घ्यायचा असेल तर तो लीकसाठी घ्या असं मी म्हणेन.

पोखरलेली लीक कंपोस्टमध्ये टाकू नका, कोष तिथेच राहतात.

केदार_एमके

मी तो एकच तुकडा गाजराला घेईन पण ठीक आहे, ज्याची त्याची आवड :)

सायली_रेडिंग

परत आले. जून महिना, वालपापडीताईंच्या मापाने कमानी केल्या, डेब्रिस नेटिंग आमच्या गल्लीत एका घराचं काम चालू होतं तिथून मिळाली, त्या माणसाने वर दहा-बारा क्लिपा पण दिल्या. दिसतंय छान. पण काल आत फ्लॉवरच्या पानांवर अळ्या! कडा बाटल्यांनी दाबलेल्या आहेत, फट नाहीये, मग आल्या कुठून?

आणि दुसरं, केलच्या शेंड्याला राखाडी मेणचट काहीतरी चिकटलंय, पान आत वळलंय.

आबा_लीड्स

तीन शक्यता सायली. एक, रोपं विकत आणलेली असतील तर अंडी त्यांच्याबरोबरच आली. लावणीच्या दिवशी प्रत्येक पान उलटं करून बघायचं आणि अंडी बोटाने चिरडायची. दोन, पानं जाळीला टेकली असतील. फुलपाखरू आत जात नाही, बाहेर जाळीवर बसून भोकातून पोटाचं टोक घालून टेकलेल्या पानावर अंडी घालतं. कुठल्या पानांवर अळ्या आहेत ते बघ, कडेच्याच असतील तर हेच. तीन, जाळीला कुठेतरी भोक पडलंय, सिमेंटच्या जागी हमखास असतं. उन्हाकडे धरून बघ, सापडलं की दोऱ्याने शिव.

आत्ता हाताने वेचून काढ, एका वाफ्यासाठी औषध लागत नाही.

सायली_रेडिंग

कडेच्याच पानांवर आहेत! उजवीकडच्या ओळीत सगळी पानं जाळीला चिकटलेली आहेत, ओळ कडेला फार जवळ लावलीय.

वालपापडी

मग झालं, कमानी त्या बाजूला थोड्या बाहेर सरकव, खालची जुनी पानं काढून टाक. पुढच्या वेळेला बाहेरची ओळ कडेपासून ३० सेंमी आत.

राखाडी मेणचट म्हणजे मावा, कोबीवरचा. जाळीचा हा एक तोटा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, जाळी शत्रूला अडवते तशी मित्रालाही अडवते. बाहेर लेडीबर्ड, होव्हरफ्लाय, बारक्या गांधीलमाश्या मावा खातात किंवा त्यात अंडी घालतात, आत त्यांना येता येत नाही आणि मावा निवांत वाढतो. आठवड्यातून एकदा जाळी उचलायची, शेंडे तपासायचे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचे, फार असेल तर शेंडा मोडून टाकायचा. बाहेर लेडीबर्डच्या अळ्या दिसल्या तर पानासकट उचलून आत सोड, मी सोडते.

गोगलगाईंचं पण तसंच, पक्षी आत येत नाहीत म्हणून त्यांची चंगळ. निळ्या मेटॅल्डिहाइडच्या गोळ्यांवर २०२२ पासून बंदी आहे, कोणाच्या शेडमध्ये जुना डबा असेल तर वापरू नका. फेरिक फॉस्फेटच्या मिळतात, किंवा नेमॅटोड, म्हणजे गोगलगाईंना मारणारे सूक्ष्म कृमी. मी संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचते.

निफाडकर

मित्रकिडीचं बरोबर आहे. आमच्याकडे क्रॉप कव्हर काढल्यावर दुसऱ्या दिवशी सगळा प्लॉट तपासायला लागतो, आत मावा किंवा अळी बसलेली असली तर कव्हरखाली ती दुपटीने वाढलेली असते. झाकलं म्हणून बघायचं सोडलं असं नको. बहिणीला पण तेच सांगितलं.

मुळाभाजी

जाळी फुलांच्या वेळेला काढायची म्हणजे कोणकोणत्या पिकांची? आमचा वाटाणा फुललाय आणि कबुतरं टपून बसलीत.

आबा_लीड्स

वाटाणा झाकलेलाच ठेव, तो स्वतःच परागण करतो. फ्रेंच बीनचंही चालतं. रनर बीनला बंबलबी लागते, ती उघडीच. कोर्जेट, लाल भोपळा, काकडी, स्ट्रॉबेरी फुलल्यावर उघडी. स्ट्रॉबेरीला फुलोऱ्यात उघडं आणि फळ लाल व्हायला लागलं की पक्ष्यांसाठी परत झाकायचं. कोबी, मुळा, गाजर, लीक, पालेभाज्या यांचं फूल आपल्याला हवंच नसतं म्हणून तिथे प्रश्न नाही. मेथीचंही तसंच, पालाच खायचा.

वाटाण्याचे आणि हरभऱ्याचे कोवळे कोंब उगवताच कबुतरं उपटतात, तेव्हा झाडाच्या काटक्या आडव्यातिडव्या खोचल्या तरी बरंच काम होतं. तिथे जाळीवर पैसे घालू नकोस.

केदार_एमके

हरभऱ्याचा पाला इथे!! आबा त्यावर वेगळा धागा काढा.

मुळाभाजी, तुमच्या आयडीला जागून एक: लांब पांढरा मुळा वसंतात पेरला की इथल्या मोठ्या दिवसांमुळे लगेच फुलावर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पेरा, बारीक जाळीखाली. मुळांत अळी करते ती कॅबेज रूट फ्लाय आणि पानांना चाळणी करणारे भुंगेरे दोन्ही अडतात. मी पेरणीच्याच दिवशी झाकतो, उगवल्यावर झाकायला गेलं तर भुंगेरे आधीच आत असतात.

सायली_रेडिंग

थंडीत जाळी ठेवायची का काढायची? साइटवर काही जणांच्या जाळ्या वर्षभर तशाच दिसतात.

आबा_लीड्स

पीक उभं असेल तर कबुतरांसाठी ठेवावीच लागते, जानेवारी-फेब्रुवारीत तीच त्यांची खरी वेळ. पण बारीक जाळीवर बर्फ साठतो, भोकांतून खाली पडत नाही, ओल्या बर्फाच्या वजनाने कमानी बसतात आणि खाली ब्रोकोली मोडते. म्हणून नोव्हेंबर संपला, फुलपाखरं गेली, की मी कोबीवर्गावरची बारीक जाळी काढतो आणि मोठ्या भोकाची, जाड विणीची, ताणून लावतो. बर्फाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळी काठीने झटकायला जावं लागतं.

वाऱ्याचं वेगळं. नोव्हेंबर २०२१ ला आर्वेन वादळात आमच्या साइटवरच्या अर्ध्याअधिक जाळ्या कुंपणापलीकडे गेल्या, बाटल्यांचं वजन त्या वाऱ्यापुढे काहीच नाही. वादळाला नाव पडलं की कमानींवरून आडव्या दोऱ्या टाका, तंबूला टाकतात तशा, आणि खुंट्यांना बांधा. ते जमणार नसेल तर सरळ जाळी काढून शेडमध्ये. एक रात्र कबुतरांनी खाल्लं तरी चालेल, जाळी दुसऱ्याच्या ग्रीनहाऊसच्या काचेवर जायला नको.

रानमेवा

आणि बांबूच्या टोकांवर काहीतरी टोपी घाला प्लीज, दह्याची रिकामी डबी, जुना टेनिस बॉल. वाकून तण काढताना डोळ्यात जातं. जाळीही टोकाने फाटत नाही.

मुळाभाजी

जाळी ठेवायची कशी? गेल्या वर्षीचा रोल उघडला तर उंदरांनी घर केलेलं, भोकंच भोकं.

वालपापडी

प्लॅस्टिकचा झाकण घट्ट लागणारा डबा, शेडच्या फळीवर उंच. ठेवायच्या आधी सुक्या दिवशी पसरून वाळलेली पानं, अळीचे कोष सगळं झटकून काढ, कोष घडीत राहिले तर वसंतात तिथेच फुलपाखरं निघतात. पाण्याने धुतली तर पूर्ण वाळव. प्रत्येक तुकड्याला लांबी-रुंदीची चिठ्ठी बांध, मार्चमध्ये थंडीत उभं राहून मोजत बसायला लागत नाही.

उन्हाने धागा ठिसूळ होतो, हातात घेतल्यावर चुरा पडायला लागला की टाकून दे, नाहीतर प्लॅस्टिकचे धागे मातीत मिसळतात आणि ते काही परत निघत नाहीत. फ्लीसचं, म्हणजे पिकावर घालायच्या त्या पातळ पांढऱ्या कापडाचं, तर हे फार लवकर होतं, एक-दोन हंगामांत. म्हणून फ्लीस फक्त मार्च-एप्रिलच्या फ्रॉस्टपासून, म्हणजे गोठणाऱ्या दवापासून वाचवायला, कीटकांसाठी वर्षभर नको, शिवाय उन्हाळ्यात तिच्याखाली फार तापतं.

उंदरांनी खाल्लेली जाळी फेकू नका. चांगले तुकडे कापून मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्यांवर रबरबँडने बसवा.

सायली_रेडिंग

आबा, ताई, सगळ्यांना थँक्यू. माझ्याकडे त्या परांचीवाल्याची जाळी अजून साधारण १५ मीटर उरलीय, ३ मीटर रुंद. रेडिंग, न्यूबरी, स्लाव्ह भागात कोणाला हवी असेल तर विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा, फुकट.

स्लावचा_बाळू

विपू केलाय. शनिवारी सकाळी येतो, सोबत निळ्या पाइपचे तुकडे आणतो, माझ्याकडे जास्तीचे पडलेत.